गाण्यावर पोट भरतं का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत, आपल्याच बी विंगमधील गायिका-सभासदांनी क्लबहाऊसमध्ये केलेले भाषण. शब्दांकन : स्मरणिका समिती)

सर्वांत आधी तुमचे आभार. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून पहाटे साडेपाचला तानपुरा सुरू होतो, त्याबद्दल पंचवीस वर्षांत समितीकडे एकही लेखी तक्रार गेलेली नाही. तोंडी एक आली होती. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ताई, काल तुम्ही रियाज केला नाहीत, त्यामुळे मला उठायला उशीर झाला आणि दूध नासलं." अशी तक्रार ज्या सोसायटीत येते, तिथे राहायला मिळणं हे गायकाचं भाग्यच म्हणायचं.

समितीने मला विषय निवडायला सांगितला तेव्हा मी रागांविषयी बोलेन असं सगळ्यांना वाटलं होतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या मांडवात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. मुलगी विशारद झाली, मुलगा छान गातो, पुढे काय? थोडं थांबून, आवाज खाली आणून खरा प्रश्न येतो, "गाण्यावर पोट भरतं का हो?" आज मी याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. आवाज खाली न आणता.

आपल्या सी विंगमध्ये एक मुलगी आहे. तिची परवानगी घेऊनच सांगते, नाव मात्र सांगत नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विशारद झाली आहे, गळा उत्तम आहे. पुढे संगीतात एम.ए. करायचं की बँकेच्या परीक्षा द्यायच्या, यावर त्यांच्या घरी सहा महिने चर्चा चालू आहे. आईवडील गाण्याच्या विरोधात अजिबात नाहीत. त्यांना भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून "छंद जपा, सगळं छान होईल" असलं गुळमुळीत मी काही बोलणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. 'शास्त्रीय गायक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव, प्रचंड मांडव, मागे दोन तानपुरे, समोर हजारो श्रोते. हे चित्र खरं आहे, पण त्या मंचावर वर्षाला किती गायक बसतात, मोजा बरं. हाताच्या बोटांवर नाही, तरी हातापायांच्या बोटांवर भागेल. निव्वळ ख्यालाच्या मैफिलींवर संसार चालवणारे गायक आजही थोडे आहेत आणि पूर्वीही थोडेच होते. म्हणून "मैफिली मिळाल्या तरच करिअर, नाहीतर वाया गेलं" असं धरून चाललात, तर उत्तर 'पोट भरत नाही' असंच येणार. चुकतं ते हे धरून चालणं.

आपल्याकडचा मोठा गायक कधीच एका पायावर उभा नव्हता. ही आजची तडजोड नाही, ही आपली परंपराच आहे. थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गवई बहुधा दरबारात असायचा. अल्लादियाँ खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी होते, फैयाज खाँसाहेब बडोद्याला होते. संस्थानिकाने सांभाळलं तर ठीक, नाहीतर वणवण. ही चौकट मोडायला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला एक तरुण बाहेर पडला, पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या पैशावर. जाहीर जलसे करायचे, तिकीट लावायचं, त्यातून विद्यालय चालवायचं. गाण्याची पुस्तकं लिहायची आणि आपल्याच छापखान्यात छापायची. म्हणजे गायक, शिक्षक, संस्थाचालक, लेखक, प्रकाशक, सगळं एकच माणूस. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने गाण्याला पोटापाण्याच्या नव्या वाटा शोधल्या, म्हणून आज आपल्या मुलाच्या हातात ते प्रमाणपत्र आहे.

दुसरं उदाहरण पं. भास्करबुवा बखल्यांचं. एवढा मोठा ख्यालगायक, पण 'स्वयंवर' नाटकाला १९१६ साली चाली दिल्या त्यांनीच. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला, तोही त्यांनीच. त्यांच्या सहवासात तयार झालेले गोविंदराव टेंबे तर बघाच. हार्मोनियम वाजवायचे, 'मानापमान'ला चाली त्यांच्या, स्वतःची नाटक कंपनी काढली, आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, त्यात हरिश्चंद्राची भूमिका त्यांची आणि संगीतही त्यांचंच. शिवाय मराठीत इतकं सुरेख लिहिलं की त्यांची पुस्तकं लोक आजही वाचतात. आज आपण 'मल्टिटास्किंग' म्हणतो ना, गोविंदरावांनी तो शब्दही ऐकला नसेल.

बुवांचे दुसरे शिष्य मास्टर कृष्णराव. मैफिली होत्याच, नाटकं होती, आणि प्रभात कंपनीच्या 'माणूस' आणि 'शेजारी' या चित्रपटांचं संगीतही त्यांचं. त्या काळातही "शास्त्रीय सोडून सिनेमात गेले" असं म्हणणारे लोक असतीलच. पण मास्तरांचा ख्याल कुठे कमी झाला?

जरा अलीकडे येऊ. पं. भीमसेन जोशी तरुणपणी मुंबई आकाशवाणीवर नोकरीला होते. १९५६ च्या 'बसंत बहार' चित्रपटात मन्ना डे यांच्याबरोबर गायले. आणि ज्यांनी आयुष्यात ख्याल ऐकला नाही, त्यांच्या घरात भीमसेनजी पोचले ते 'अभंगवाणी'मुळे. त्या अभंगांवरून पुढे किती लोक त्यांच्या दरबारी कानड्यापर्यंत आले असतील!

डॉ. वसंतराव देशपांडे. कित्येक वर्षं लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. रोज ऑफिस, आणि उरलेल्या वेळात गाणं. आणि मग 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब. त्या नाटकाचं संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीबुवाही आकाशवाणीत होते. 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी', 'कट्यार' या नाटकांना त्यांनी चाली दिल्या आणि मराठी नाट्यसंगीताला नवं वळण दिलं. शिवाय शिष्यांना स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं. त्यांचेच एक शिष्य आज अमेरिकेत राहून शिकवतात आणि गातात, २०१५ सालच्या 'कट्यार' चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. महेश काळे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहेतच. आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी 'मी वसंतराव' चित्रपटात आजोबांची भूमिकाच केली.

बायकांचं काय, असं आमच्या महिला मंडळाच्या मनात आलंच असेल. तर डॉ. प्रभा अत्रे. शिकल्या विज्ञान आणि कायदा, पुढे संगीतात डॉक्टरेट घेतली. तरुणपणी संगीत नाटकांत भूमिका केल्या, आकाशवाणीत काम केलं, एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या, स्वतः बंदिशी बांधल्या, 'स्वरमयी'सारखी पुस्तकं लिहिली, आणि नव्वदी गाठेपर्यंत गात राहिल्या. पद्मविभूषण मिळालं. या यादीतली एखादी गोष्ट कमी असती तरी प्रभाताई मोठ्या गायिका असत्याच, पण इतकी वर्षं स्वतंत्रपणे, ताठ मानेने उभ्या राहिल्या त्या या सगळ्याच्या आधारावर. किशोरीताई आमोणकरांनी 'दृष्टी' या चित्रपटाला संगीत दिलं आणि 'स्वरार्थरमणी'सारखा ग्रंथ लिहिला. त्यांना तर कुणी तडजोड केली असं म्हणायची हिंमत करणार नाही!

मग सांगा, परंपरा कुठली? एकाच मंचाची, की अनेक वाटांची?

आता आजच्या वाटा सांगते. मी स्वतः यातल्या बऱ्याच वाटांनी चाललेली आहे, त्यामुळे खाचखळगेही सांगते.

पहिली वाट शिकवण्याची. "काहीच जमलं नाही तर क्लास काढ" असं लोक म्हणतात, तेव्हा मला फार राग येतो. शिकवणं हे स्वतंत्र कसब आहे. आठ वर्षांच्या मुलाला सूर ओळखायला लावणं वेगळं, निवृत्त झालेल्या काकांना साठाव्या वर्षी पहिला राग शिकवणं वेगळं, भजनी मंडळाच्या बायकांकडून एका सुरात अभंग बसवून घेणं वेगळं, आणि नाटकातल्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं आणखी वेगळं. या शेवटच्या कामात डॉ. अशोक रानडे यांनी आपल्याकडे फार मोठं काम करून ठेवलं आहे. तेही मुळात गायकच. आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे गाणं न शिकवता ऐकायला शिकवायचं. त्याला रसग्रहण वर्ग म्हणा. आपल्यासारख्या सोसायट्यांत पन्नाशी-साठीची जी मंडळी आहेत, त्यांना गायचं नसतं, पण कळून ऐकायचं असतं. त्यांच्यासाठी सहा रविवारांचा वर्ग घेणारे तरुण गायक मला माहीत आहेत, आणि तिथे जागा शिल्लक राहत नाही.

कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नंतर नेट परीक्षा हवी. म्हणून सी विंगच्या आपल्या मुलीच्या आईवडिलांना सांगते, संगीतातलं एम.ए. म्हणजे हवेतला पतंग नाही. ती एक रीतसर पदवी आहे. जागा थोड्या आहेत हे खरं, पण दार बंद नाही.

दुसरी वाट, संकल्पनेवर आधारित कार्यक्रम. "अमुक यांचं शास्त्रीय गायन" अशी पाटी लावली तर वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ जरा बिचकतात. पण विषय घेऊन गेलात तर दार उघडतं. या वाटेचे मोठे गुरू पं. कुमार गंधर्व. 'गीतवर्षा' घ्या, माळव्यातल्या लोकगीतांचा कार्यक्रम घ्या, कवी भा. रा. तांब्यांच्या कवितांवरचा 'तांबे गीत रजनी' घ्या. प्रत्येक कार्यक्रमामागे अभ्यास होता आणि एक विचारही होता. आज चार गाणी आणि दोन विनोद जोडले की कार्यक्रम झाला असं काहींना वाटतं, पण तसं होत नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे. तिने आजोळी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सुट्टीत, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करत. त्या ओव्यांत जेमतेम चार-पाच सूर असतात. त्या सुरांच्या जवळचे राग शोधले, त्या रागातली एकेक बंदिश घेतली, मध्ये बोलायचा मजकूर स्वतः लिहिला. दोन गळे, एक तबला, एक पेटी आणि दीड तास. खर्च कमी, छोट्या गाडीत मावणारा कार्यक्रम. सुरुवातीला नात्यागोत्यात केला, मग शाळांत, मग ग्रंथालयांत. बंदिश सुरू झाली की म्हाताऱ्या बायका मान डोलावतात, कारण ती ओवीच्या बोटाला धरून आलेली असते. हीच मुलगी निव्वळ त्या बंदिशी घेऊन गेली असती, तर तिला तिथे कोणी बोलावलंच नसतं.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्या कलांच्या संगतीची. नाटकाला संगीत, कथकच्या साथीला गाणं, मालिकेचं शीर्षकगीत, जाहिरातीतल्या दोन ओळी. यातलं काही हलकं समजू नका. कथकला गाताना लय नर्तकीची असते, आपली नाही, सम तिच्या पायावर येते. ख्यालात मोकळं सुटायची सवय असलेल्या गायकाला ती शिस्त फार उपयोगी पडते. स्टुडिओत मायक्रोफोन आपल्या ओठाशी असतो, तिथे मैफिलीसारखा आवाज फेकला की ध्वनिमुद्रण करणारा हात जोडतो. तीस सेकंदांत भाव आणायचा असतो. विलंबित ख्यालात आपल्याला पाऊण तास मिळतो, म्हणून थोडी चैनही होते. स्टुडिओ ती चैन काढून टाकतो.

चौथी वाट लिहिण्याची आणि सांभाळून ठेवण्याची. पं. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. गावोगाव फिरून त्यांनी बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' छापली. आजही घराघरांत जुन्या कॅसेट पडून आहेत, जुन्या वह्या आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवणं, बंदिशींचं लेखन, कार्यक्रमांची परीक्षणं, संगीतावरच्या पुस्तकांचं संपादन, अशा कामाला कान तयार असलेला माणूसच लागतो. शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी तर आपल्या संगीतासाठी स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली, दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा. त्याच शुभाताईंचं 'अब के सावन' आपल्या मुलांनी नाचत ऐकलं आहे.

पाचवी वाट इंटरनेटची. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे. न्यू जर्सीत शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट. रियाज आटपून मी तिकडच्या मराठी मुलांना शिकवते. यातली अडचण अशी की इंटरनेटवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्याने एकत्र गाणं जमत नाही. मग तानपुरा विद्यार्थ्याच्या बाजूला लावायचा, मी एक ओळ म्हणायची, थांबायचं, त्याने म्हणायची. आठवड्याभराचा रियाज त्याने ध्वनिमुद्रित करून पाठवायचा. समोर बसून शिकण्याची सर याला येत नाही. पण कॅलिफोर्नियातली एखादी मुलगी भूप गाताना आजीशी मराठीत बोलायलाही शिकते, हे मी पाहिलं आहे.

सहावी वाट, नोकरी सांभाळून गाणं. वसंतरावांचं उदाहरण दिलंच. नोकरी करणारा गायक हा अर्धा गायक, ही समजूत काढून टाका. घरभाडं सुटलेलं असेल तर माणूस वाईट कार्यक्रमाला 'नाही' म्हणू शकतो. ही फार मोठी मोकळीक आहे. मात्र नोकरी अशी निवडा, जिच्यात सकाळ किंवा संध्याकाळ, एक तरी आपली राहील. आकाशवाणीची ऑडिशनही जरूर द्या. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. तिथे पूर्वीसारख्या नोकऱ्या आज नसल्या, तरी ती श्रेणी म्हणजे तुमच्या तयारीवर तिऱ्हाइताने मारलेला शिक्का असतो.

एवढ्या वाटा सांगितल्यावर कोणी म्हणेल, या सगळ्यात ख्याल कुठे राहिला? हाच खरा धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. दिवाळीच्या चार दिवसांत पहाटे एक, दुपारी एक आणि रात्री एक असे कार्यक्रम घेऊन देवदिवाळीपर्यंत आवाज बसलेले तरुण मी पाहिले आहेत. तीच बारा लोकप्रिय गाणी वर्षानुवर्षं गाऊन नवीन राग शिकायचा विसरलेले गायकही पाहिले आहेत.

आपल्या सोसायटीच्या भाषेत सांगते. दर महिन्याचा मेंटेनन्स येतो आणि खर्च होतो. लिफ्ट, पाणी, वॉचमन, वीज. पण त्यातला ठरावीक भाग आपण सिंकिंग फंडात टाकतो आणि त्याला हात लावत नाही. का? कारण एक दिवस इमारतीचं मोठं काम निघणार हे आपल्याला माहीत असतं. रियाज हा गायकाचा सिंकिंग फंड आहे. कार्यक्रम, क्लास, स्टुडिओ या सगळ्यातून वेळ आणि पैसा येईल आणि जाईल. पण सकाळचे दोन तास त्या फंडात गेलेच पाहिजेत. हा फंड ज्याने मोडला, त्याची इमारत बाहेरून रंगवलेली दिसेल, आतून गळायला लागेल.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, काम आलं की स्वतःला विचारा, यातून मी काही शिकणार आहे का? नसेल, तर यातून निदान पुढच्या शिकण्यापुरते पैसे मिळणार आहेत का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर नम्रपणे नकार द्या. ओळखीचा माणूस असला तरी.

आणि इथे मी पैशांकडे येते. कलावंताने पैशांविषयी बोलू नये असा आपल्याकडे एक संकेत आहे. गंमत म्हणजे तो संकेत कलावंतांनी केलेला नाही.

तरुण गायकांनो, मानधन आधी ठरवा, लिहून घ्या. तबल्याला किती, पेटीला किती, प्रवासाचं कोण बघणार, ध्वनिमुद्रण करून ते यूट्यूबवर टाकणार आहेत का, सगळं आधी. बिल द्या. साथीदारांना त्यांचे पैसे त्याच रात्री द्या, तुमचे आले नसले तरी. नवीन चाल बांधली तर तिची नोंद ठेवा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकारांचे रॉयल्टीचे हक्क बळकट झाले आहेत, आणि गायकांच्या हक्कांसाठीही त्यांची संस्था उभी राहिली आहे. दिसेल त्या कागदावर सही करू नका. इथे बसलेल्या वकीलसाहेबांना दाखवा. ते आपल्याकडून फी घेणार नाहीत... वकीलसाहेब, घ्या तुम्ही फी! नाहीतर माझा पुढचा मुद्दाच बाद होईल.

तो मुद्दा असा. मांडववाल्याला आपण पैसे देतो. लाइटवाल्याला देतो. जेवणाच्या केटररला आगाऊ देतो. आणि गाणाऱ्या मुलीला म्हणतो, "अगं, आपलीच आहेस, दोन गाणी म्हण की!" प्रेमाने म्हणतो, मला माहीत आहे. ती पण प्रेमाने गाते. पण तिच्याबरोबर तबला वाजवणारा मुलगा कल्याणहून दोन गाड्या बदलून आलेला असतो. आपली मुलं गाण्यात उतरावीत की नाही याची काळजी करणारे आपणच, आणि गाण्याला किंमत न देणारेही आपणच. हे दोन्ही एकत्र कसं चालेल? गाण्यावर पोट भरतं का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर गायकाकडे आहे. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यांकडे आहे, म्हणजे तुमच्याकडे.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षासाठी मी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवते. आपल्याकडे एकशे वीस फ्लॅट आहेत. प्रत्येक घराने वर्षाला पाचशे रुपये दिले, महिन्याला बेचाळीस रुपयेही होत नाहीत, तर साठ हजार जमतात. त्यात वर्षाला चार बैठकी होतील. प्रत्येकीला पंधरा हजार, गायक आणि दोन साथीदार यांच्यात वाटून. हे क्लबहाऊस, हीच सतरंजी, मायक्रोफोनही नको. नावाजलेल्यांना नाही, पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना बोलवायचं. दर बैठकीनंतर अर्धा तास गप्पा, म्हणजे आपल्या मुलांना कळेल की गायक हा टीव्हीच्या आत राहत नाही. मुंबई-पुण्यातल्या म्युझिक सर्कल अशाच वर्गणीवर उभ्या राहिल्या. आपण एक नवीन, छोटं का होईना, सुरू करू. वर्गणीचा पहिला हप्ता माझा, पावती फाडा.

दुसरी विनंती समितीला. रियाजाची वेळ ठरवून द्या. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, आजारी माणूस आहे, त्यांची झोप महत्त्वाची आहेच. क्लबहाऊस सकाळी सहा ते आठ रिकामंच असतं. तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांना बसू द्या. चावी वॉचमनकडे, सही करून घ्यायची, सही करून द्यायची.

आता त्या आईवडिलांसाठी शेवटचं. तुमच्या मुलीला 'गाणं की बँक' असं विचारू नका. तिला विचारा, पुढच्या पाच वर्षांत तुझे उभे राहायचे पाय कोणकोणते? एक पाय शिकवण्याचा असेल, एक स्वतः बांधलेल्या कार्यक्रमाचा, एक कदाचित अर्धवेळ नोकरीचा. आणि रियाज किती वाजता? या प्रश्नांची उत्तरं तिने कागदावर लिहून आणली, तर तिला एम.ए.ला पाठवा, निर्धास्तपणे नाही, पण विश्वासाने. उत्तरं नसतील तर बँकेच्या परीक्षा देऊ द्या, आणि सकाळचे दोन तास तिचे तिलाच ठेवा. गाणं तिथेही वाट बघत थांबतं.

पुढच्या पंचवीस वर्षांत या इमारतीला नवा रंग लागेल, कदाचित पुनर्विकासही होईल. नव्या इमारतीत पार्किंग किती मिळणार यावर आपण भांडूच. पण त्या नकाशात बैठकीपुरता एक हॉल राखून ठेवायला विसरू नका, एवढंच मागते.

आणि हो, समितीने आजचं मानधनाचं पाकीट मला आधीच दिलं आहे. सुरुवात झाली म्हणायची!